कॅमेरा त्याचा, कथा माझी; मग दिग्दर्शन कुणाचं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी कोल्हापुरात जनसंज्ञापनाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंतिम प्रकल्प म्हणून सहा जणांच्या गटाला बारा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. कथा-पटकथा तिची: गुऱ्हाळावरचा एक म्हातारा गुळव्या (गूळ करणारा) आणि त्याचा नातू. लोकेशन तिच्या काकांचं गुऱ्हाळ. गटातल्या एका मित्राकडे स्वतःचा कॅमेरा आहे. पहिल्याच बैठकीत 'डिरेक्शन आणि कॅमेरा मी बघतो' असं तो म्हणाला आणि तेच ठरलं. एका मैत्रिणीनं एडिटिंग घेतलं. 'तू व्यवस्थित आहेस' म्हणून पत्रलेखिकेकडे प्रॉडक्शन, एडी (सहायक दिग्दर्शक) आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय ना हे बघणं) आली. उरलेले तिघं 'पडेल ते काम करू' म्हणतात. साउंड कुणालाच नको आहे. डिसेंबरात तीन दिवस शूटिंग आहे. चाळीस गुण प्रत्येकाच्या डायरीला आणि तोंडी परीक्षेला, साठ गुण फिल्मला. तिचा प्रश्न: भांडून दिग्दर्शन मिळवू, सहदिग्दर्शक म्हणून नाव लावायला सांगू, की कथा घेऊन गटातून बाहेर पडू?

मैत्रिणी,

'त्यांना कळायला हवं होतं' हे तुझ्या पत्रात निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतं. कथा तुझी, गुऱ्हाळ काकांचं, तिथल्या माणसांना तू लहानपणापासून ओळखतेस. तेव्हा दिग्दर्शन तूच करणार हे उघड होतं, असं तुला वाटतं. पण 'मला दिग्दर्शन करायचंय' हे तू त्या बैठकीत तोंडानं बोललीस का? पत्रात तरी ते कुठे सापडलं नाही. तो बोलला. बहुधा फारसा विचार न करताच बोलला असेल, कारण हातात कॅमेरा असला की माणसाला तसं वाटायला लागतंच. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण कुणीतरी काहीतरी ठरवतंय यातच त्यांना सुटल्यासारखं झालं असणार. अन्याय झालाय की नाही हे नंतर पाहू. आधी मागून तर बघ.

मागताना एक लक्षात घे. 'कथा माझी म्हणून दिग्दर्शन माझं' हे तुला जितकं रास्त वाटतं, तितकंच 'कॅमेरा माझा म्हणून दिग्दर्शन माझं' हे त्याला वाटत असणार. दोन्ही दावे मालकीचे आहेत. दिग्दर्शनाला लागतं ते वेगळंच. नटाशी कोणत्या शब्दांत बोलावं हे कळावं लागतं. सगळे एकाच वेळी प्रश्न घेऊन अंगावर आले की जागच्या जागी उत्तरं द्यावी लागतात. आणि वेळ आली की आपल्याच लाडक्या संवादावर काट मारावी लागते, जे लेखकाला सगळ्यात जड जातं. हे तुला जमेल का, मला माहीत नाही. खरं तर अजून तुलाही माहीत नाही, आणि त्यालाही नाही.

ते कळून घेण्याचा स्वस्त उपाय आहे. तुझ्या पटकथेतला आजोबा-नातवाचा एक छोटा प्रसंग निवडा, अर्ध्या-पाऊण पानाचा. कॉलेजच्या आवारातच, साध्या फोनवर, तेच दोन नट घेऊन एका दुपारी त्यानं तो करावा आणि दुसऱ्या दुपारी तू. एडिटिंगवाल्या मैत्रिणीनं दोन्ही जोडावेत. मग सहाही जणांनी आणि जमल्यास एका शिक्षकांनी ते सोबत बसून पाहावेत. चित्र कुणाचं सुबक आहे ते बघू नका, नट कुणाच्या हाताखाली खरा वाटतो ते बघा. आणि निकाल काहीही लागला तरी दुसऱ्यानं मनापासून सोबत करायची, हे आधीच कबूल करून घ्या. असं करायला तुमचा मित्र तयार झाला नाही, तर तेही तुला बरंच काही सांगून जाईल.

कॅमेऱ्याचा गुंता मात्र त्याआधीच सोडवा, नाहीतर तो प्रत्येक वादात मध्ये येईल. बाजारात तसा कॅमेरा आणि लेन्स तीन दिवस भाड्यानं घ्यायला किती पडतं ते विचारा. तो आकडा बजेटमध्ये मांडा आणि तेवढी रक्कम त्याच्या वर्गणीतून वजा करा. भाडं जास्त निघालं तर त्याची वर्गणी माफ. काकांच्या गुऱ्हाळाचंही असंच काही ठरवता येईल. पडझड झाली तर दुरुस्ती सगळ्यांनी मिळून भरायची, हे त्याच कागदावर लिहा. एवढं केलं की त्यानं कॅमेऱ्याच्या रूपानं पैसे घातले आणि तुम्ही रोख घातले, इतकाच फरक उरतो. कुणावर कुणाचे उपकार राहत नाहीत.

आता मला तुझ्या पत्रात खरं काय खटकलं ते सांगते. तू दिग्दर्शनात अडकलीस म्हणून तुझ्या नजरेतून निसटलं असेल. त्याच्याकडे दोन कामं, तुझ्याकडे तीन. दोघांत मिळून पाच. आणि तिघांकडे एकही नाही! 'पडेल ते काम करू' म्हणणारा मित्र शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली मोबाइल बघत बसलेला दिसतो. त्यात त्याचा आळस नसतो. काय 'पडलंय' हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचा गट मोडलाच तर दिग्दर्शनावरून मोडायच्या आधी या वाटणीवरून मोडेल.

तुझी तीन कामं घे. प्रॉडक्शन म्हणजे डबे आणि टेम्पो, असं तू जरा तुच्छतेनं लिहिलंयस. पण पैसे, परवानग्या, माणसं, गाड्या, जेवण हे सगळं ज्याच्या हातात असतं त्याच्यामुळेच शूटिंग होतं किंवा होत नाही. हा माणूस दिवसातला निम्मा वेळ सेटच्या बाहेर असतो. एडी सेट सोडत नाही. पुढचा शॉट कोणता, कोण तयार आहे, किती वाजले, हे त्याच्या डोक्यात असतं. आणि कंटिन्युइटीवाल्यानं तर टेक चालू असताना पापणीही लववू नये. आता चित्र डोळ्यांसमोर आण. आजोबा काहिलीजवळ, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ, उभे आहेत, टेक चाललाय, आणि तू शेडच्या मागे फोनवर भाकरी कुठवर आल्या ते विचारतेयस. तेवढ्यात आजोबांनी पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि खांद्यावरचा टॉवेल काढून खांबाला अडकवला. संध्याकाळी त्यांचा क्लोजअप घेताना टॉवेल परत खांद्यावर. एडिटिंगला बसल्यावर तो टॉवेल खांदा-खांब-खांदा असा उड्या मारणार, आणि 'व्यवस्थित' मुलीकडून हे कसं सुटलं, असं सगळे तुलाच विचारणार. कोणी कितीही व्यवस्थित असलं तरी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

आणि जाता जाता: 'व्यवस्थित आहेस' हे कौतुक बहुतेक गटांत मुलींच्याच वाट्याला येतं, त्यासोबत पोह्यांची ऑर्डरही. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचं जेवणखाण सांभाळत होत्या आणि फिल्मवरची रासायनिक प्रक्रियाही शिकून करत होत्या. १९१३ची गोष्ट आहे ही. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे ते विचारून बघ. तेव्हा प्रॉडक्शन घेतलंस तर तुला ते आवडतं म्हणून घे, आणि बजेटवरचा शेवटचा शब्द तुझा असेल या अटीवर घे. कंटिन्युइटी एडिटिंगवाल्या मैत्रिणीला द्या. शॉट पुढे जोडायचे तिलाच आहेत, त्यामुळे टॉवेल कुठे होता याची काळजी तिच्याइतकी कुणाला नसेल.

त्याच्या दोन कामांचंही तसंच आहे. दिग्दर्शकानं स्वतः कॅमेरा धरला की त्याचा डोळा फोकस, फ्रेमची कड आणि मध्येच आलेली सावली यांत गुंततो. नटाकडे बघायला कुणी उरत नाही. टेक झाला की तो 'छान होतं' म्हणतो, म्हणजे फ्रेम छान होती. तुझ्या कथेतला आजोबा बोलतो कमी आणि चेहऱ्यावर जास्त दिसतो, म्हणून इथे हा धोका मोठा आहे. तेव्हा त्याला दोन्हींतलं एक निवडायला सांगा. स्वतःचा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायची त्याची छाती होणार नाही, असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर दिग्दर्शनाचा प्रश्न फोनवरच्या त्या चाचणीआधीच सुटेल. पण त्याला कोपऱ्यात गाठण्यासाठी हा मुद्दा काढू नकोस. गटाची बैठक बोलाव, सहा नावं आणि सगळी कामं फळ्यावर लिही, आणि कोणती दोन कामं एका माणसाला एकाच क्षणी जमणार नाहीत एवढंच विचार.

फळ्यावर पदांच्या नावासमोर एक रकाना जास्त काढा: शेवटचा शब्द कशावर? काकांच्या गुऱ्हाळावर बघितलंस ना, पाक गोळीला आला की नाही हे गुळव्याच ठरवतो. तो सांगतो तेव्हा चुलवाणात चिपाडं घालायची थांबतात आणि काहील उतरते. जागा, ऊस, सगळं काकांचं असलं तरी त्या घटकेला काकाही मध्ये बोलत नाहीत. तुमच्याकडेही तसंच हवं. अभिनयाचा टेक ओके की नाही ते दिग्दर्शक सांगेल. फ्रेम आणि लाइट कॅमेऱ्यावरचा. आवाज ओके की नाही ते साउंडवाला. वेळ आणि शॉटचा क्रम एडी. पैसे प्रॉडक्शन. पटकथा लॉक झाल्यावर त्यातला संवाद बदलायचा तर लेखिकेला विचारून. हे सहा-सात निर्णय सहा जणांत वाटले गेले की 'नुसता मदतनीस' कुणीच राहत नाही. तोंडी परीक्षेत 'तू काय केलंस?' या प्रश्नालाही प्रत्येकाकडे उत्तर असतं. चाळीस गुण त्याचेच तर आहेत. आणि 'थांबा!' म्हणायचा अधिकार मात्र सगळ्यांना, विचारल्याशिवाय. उकळत्या काहिलीशेजारी केबल पसरून, लहान मुलाला घेऊन काम करणार आहात. पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. त्या मुलाचं एक मोठं माणूस पूर्ण वेळ हजर हवं, आणि ओढण्या-पदर खोचलेले हवेत.

सहदिग्दर्शकाचा पर्याय मला सगळ्यात कमी पटला. नाराज माणसाची समजूत काढायला दिलेलं नाव श्रेयनामावलीत शोभतं, पण सेटवर आजोबांना दोन वेगवेगळी उत्तरं मिळतात. जोडीनं दिग्दर्शन होतच नाही असं नाही. तुमच्याच गावातलं उदाहरण आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिथे व्ही. शांताराम दिग्दर्शन बघत, बोलपट आल्यावर दामले ध्वनी, फत्तेलाल कला, धायबर कॅमेरा आणि सीतारामपंत कुलकर्णी पैशाची बाजू. पुढे १९३६ मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल या जोडीनं, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. पण ते दोघं बाबूराव पेंटरांच्या कंपनीपासून वर्षानुवर्षं एकत्र राबलेले होते. तुमच्या हातात एक सत्र आहे. आणि बघ, तो चित्रपट केला एका ध्वनीवाल्यानं आणि एका कलावाल्यानं. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या त्याच जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथेही दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचे प्रवेश वेगवेगळे असतात आणि विद्यार्थी एकत्र येऊन फिल्म करतात. ध्वनीला प्रवेश घेणारा दिग्दर्शन मिळालं नाही म्हणून रडत आलेला नसतो.

जे कुणालाच नको आहे त्या साउंडवर जरा जास्त बोलते, कारण विद्यार्थ्यांच्या फिल्म सगळ्यात जास्त तिथेच पडतात. चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद ऐकूच आला नाही तर तो उठतो. आणि तुम्ही जागा निवडलीय ती गुऱ्हाळ! घाण्याची मोटर, चुलवाणाचा भडका, माणसांच्या हाका. कॅमेऱ्यावरच्या माइकला यातलं सगळं ऐकू येईल, फक्त आजोबा ऐकू येणार नाहीत. 'पडेल ते'वाल्या तिघांपैकी ज्याला ऐकण्याची आवड आहे, जो गाणं ऐकताना मागचा तबला वेगळा काढून दाखवतो, त्याला आजच हे काम द्या आणि शूटिंगच्या तिन्ही दिवशी दुसरं काहीही देऊ नका. वेगळा रेकॉर्डर, कपड्याला लावायचा लॅपल माइक आणि जमल्यास बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, भाड्यानं घ्या. तेवढे पैसे नसतील तर दुसरा फोन आणि तारेचा साधा माइकही चालेल, मात्र आधी गुऱ्हाळावरच जाऊन तपासा. हेडफोन कानावर नसेल तर टेक सुरू करायचा नाही. प्रत्येक टेकला क्लॅप द्या, तो नसेल तर नुसती टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतात. लांबच्या शॉटमधले संवाद शॉट संपल्या संपल्या आजोबांकडून शांत कोपऱ्यात, माइक जवळ धरून पुन्हा म्हणवून घ्या. डबिंगला महिन्याभरानं तो सूर परत येत नाही. आणि जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज भरून घ्या: घाणा चालू असताना एकदा, बंद असताना एकदा. कानांत प्राण आणून ते मिनिट काढणं सहा हसऱ्या पोरांना किती अवघड जातं ते कळेलच.

वेळेचंही गुऱ्हाळावरच अवलंबून आहे. काहील वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या जागेत, ओतण्याचा शॉट तुझ्या पटकथेचा कणा आहे, आणि तो एका आधणाला, म्हणजे रस आटवण्याच्या एका खेपेला, एकदाच मिळतो. रिटेक हवा तर पुढच्या आधणापर्यंत दोन-तीन तास थांबा. म्हणून रेकीला, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीला, काही तासांसाठी जाऊ नका, दिवसभर बसा. आधणं कधी चढतात, मोटर कधी बंद होते, ऊन शेडमध्ये कुठून येतं, माणसं जेवायला कधी जातात, हे घड्याळ लावून लिहून घ्या. ओतण्याच्या शॉटला फोनवर दुसरा अँगलही ठेवा. संवादाचे शॉट जेवणाच्या सुट्टीत टाका. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, या हिशेबानं तुम्हाला दिवसाला चार पानं करायची आहेत. नवख्या गटाला ती भरपूर होतात. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि साडेपाचलाच कॅमेरावाला कुरकुरू लागतो. वाफेनं लेन्सवर धुकं धरतं, तेव्हा कॅमेरा पिशवीतून काढल्यावर थोडा वेळ उघडा राहू द्या. ऊन चेहऱ्यावर वळवायला थर्माकोलचे दोन मोठे तुकडे सोबत घ्या, त्याहून स्वस्त लाइट मिळत नाही. आदल्या रात्रीपर्यंत कोण किती वाजता, कुठे, कोणते शॉट, हे एका पानावर सगळ्यांना गेलेलं असावं. कार्डवरचं फुटेज रोज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, आणि कार्ड फॉरमॅट करायची परवानगी फक्त एकाला. हे काम उरलेल्या दोन मित्रांपैकी एकाला द्या, सोबत कला आणि कपडे. दुसरा एडी.

राहिला गट सोडण्याचा पर्याय. कथा तुझी आहे, ती घेऊन जायचा हक्क तुला आहे. पण दोन महिन्यांत दुसरा गट, दुसरा कॅमेरा आणि शिक्षकांची परवानगी मिळवणं जड जाईल. शिवाय तिथेही तुला आधी तोंड उघडून मागावंच लागेल. मी असते तर आधी बैठक, मग चाचणी, आणि दोन्हींना नकार मिळाला तरच बाहेर, असा क्रम ठेवला असता. चाचणीत तो पुढे गेला तर त्याला दिग्दर्शन करू दे आणि तू एडी हो. लेखिका सेटवर एडी असणं दिग्दर्शकाच्या फार उपयोगाचं असतं. मग प्रॉडक्शन त्या दुसऱ्या मित्राकडे जाईल आणि कॅमेऱ्यावर कोण हे दिग्दर्शकाला ठरवावं लागेल. तू पुढे गेलीस तर कॅमेरा निःशंकपणे त्याच्यावर सोड. एडी तोच मित्र राहील, आणि प्रॉडक्शन कला-कपडे बघणाऱ्यानं तुझ्यासोबत आतापासून उचलावं. शूटिंगच्या दिवशी तो बाहेरचं बघेल आणि सेटवरची कपड्यांची पेटी एडिटिंगवाली उघडेल. दोन्ही बाबतींत श्रेयनामावली शूटिंगआधी लिहून सहाही जणांच्या सह्या घ्या. फिल्म कुठल्या महोत्सवाला पाठवायची, प्रवेश शुल्क कोण भरणार, ऑनलाइन कधी टाकायची आणि मूळ फुटेज कुणाकडे राहणार, हेही त्याच कागदावर. कुणाचं गाजलेलं गाणं मागे वाजवू नका. हक्क नसतील तर महोत्सवांचे दरवाजे बंद होतात.

ता.क.मध्ये तू विचारलंयस की काका गुऱ्हाळ फुकट देतायत, त्यांना काय द्यावं. पैसे देऊ केलेस तर रागावतील. त्यांचं एकही आधण तुमच्यासाठी थांबू देऊ नका, तीन दिवस तिथल्या कामगारांचं जेवण तुमच्या बजेटमधून घाला, आणि निघताना शेड झाडून द्या. आभाराच्या पाटीवर त्यांचं नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचार, आणि त्यांच्या खालोखाल गुळव्याचंही.